व्हॉल्व्ह ॲम्पच्या पोटातले भाग बदलायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

काचनळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बाबांनी स्वतःच्या हाताने बांधलेले दोन मोनो व्हॉल्व्ह ॲम्प आता माझ्याकडे आले आहेत. सर्किट मुलार्ड कंपनीच्या ५-२० या आराखड्याच्या धर्तीचं आहे. आधी ईएफ८६ व्हॉल्व्ह, मग ईसीसी८३ चा फेज स्प्लिटर (सिग्नलच्या दोन उलटसुलट प्रती करणारा) आणि शेवटी पुश-पुलमध्ये, म्हणजे एकाने ढकलायचं आणि दुसऱ्याने ओढायचं अशी, ईएल३४ ची जोडी. एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर जीझेड३४. दोन्ही चासी अगदी सारख्या, वायरिंग बघत बसावं इतकं सुबक. बरीच वर्षं ते कपड्यात गुंडाळून ठेवले होते. गेल्या महिन्यात लावले आणि मी हरखून गेलो. बाईच्या गळ्याचा आवाज इतका जवळून मी कधी ऐकला नव्हता.

आता त्यांना आणखी चांगलं करावं अशी इच्छा आहे. वाचून वाचून ही यादी केली आहे:

सगळे कपलिंग कंडेन्सर (एका व्हॉल्व्हचा सिग्नल पुढच्याला देणारे आणि डीसी अडवणारे) काढून भारीतले पॉलिप्रॉपिलीन किंवा पेपर-इन-ऑइल घालायचे. फिल्टरचे, म्हणजे डीसी सपाट करणारे, ५० मायक्रोफॅरडचे कंडेन्सर काढून २२० चे बसवायचे. कार्बनचे सगळे रेझिस्टर मेटल फिल्म करायचे. जीझेड३४ च्या जागी सिलिकॉन डायोड. आणि जमलंच तर ईएल३४ ऐवजी केटी८८ हा मोठा व्हॉल्व्ह.

एक तक्रारही आहे. उजवा ॲम्प अर्ध्या तासानंतर थोडा जड वाटायला लागतो. खर्ज पसरतो आणि बारीक गुणगुण येते. डावा मात्र ठणठणीत. कंडेन्सर बदलले की हे जाईल ना?

झाळकाम येतं मला. रेडिओ, प्रीॲम्प असं काहीबाही बांधलं आहे. व्हॉल्व्हला मात्र पहिल्यांदाच हात लावतोय.

डाखवाला

काचनळी, बाबांच्या हातचे ॲम्प मिळाले, भाग्यवान आहात. फोटो नक्की टाका.

पण यादी आज बाजूला ठेवा आणि उजवा ॲम्प बंद करा. अर्ध्या तासाने आवाज जड होतो याचा अर्थ तापल्यावर आत काहीतरी सरकतंय. त्या अवस्थेत ऐकत राहिलात तर कंडेन्सरपेक्षा महाग वस्तू जाईल, ती म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर. बाकी सगळं पुन्हा मिळतं, तो तसाच्या तसा मिळत नाही.

परत लावाल तेव्हा खोलीत अंधार करा आणि चारही ईएल३४ कडे टक लावून बघा. हीटरचा केशरी उजेड मधून दिसतो, तो नाही म्हणत मी. बाहेरचा करडा पत्रा, म्हणजे ॲनोड, त्याच्या शिवणीवर मंद लाल पट्टा येतो का ते बघा. आला तर लगेच बंद.

आणि आत हात घालण्यापूर्वी हे वाचा. मी हे दर नव्या माणसाला सांगतो आणि सांगत राहीन. तुमच्या फिल्टर कंडेन्सरवर ४३०-४४० व्होल्ट डीसी असतात. स्विच बंद केला, पिन काढली, तरी ते तिथेच राहतात. ५० मायक्रोफॅरडच्या दोन कंडेन्सरमध्ये मिळून साधारण १० ज्यूल साठलेले असतात. छातीतून गेले तर तेवढे जिवावर बेतू शकतात. १० किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकांना जाड इन्सुलेशनची वायर आणि क्लिप लावा. कंडेन्सरवर तो दहा सेकंद धरा, मग मीटरने शून्य आहे का बघा. पाच मिनिटांनी पुन्हा बघा, कारण कंडेन्सर रिकामा केल्यावरही थोडा व्होल्टेज परत वर येतो. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करणारे असतात, त्यांचं अनुकरण करू नका. चालू ॲम्पवर मोजताना काळी क्लिप चासीला लावून सोडा, एकच हात वापरा, दुसरा पाठीमागे. आणि स्पीकर किंवा ८ ओहमचा लोड जोडल्याशिवाय ॲम्प कधीही चालवायचा नाही.

ओहमकार

डाखवाला काकांशी शंभर टक्के सहमत.

मोजायला ही जागा घ्या. ईएल३४ च्या ८ नंबरच्या पिनेवर कॅथोड, म्हणजे जिथून इलेक्ट्रॉन निघतात तो भाग, आहे. तुमच्या सर्किटमध्ये प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र कॅथोड रेझिस्टर असणार. त्यावरचे व्होल्ट भागिले रेझिस्टरची किंमत, एवढ्यावर व्हॉल्व्हमधून किती करंट जातो ते कळतं. चारही व्हॉल्व्हचे आकडे लावल्यावर पाच मिनिटांनी आणि अर्ध्या तासाने असे दोनदा घ्या आणि इथे द्या.

काचनळी

बाप रे. लाल पट्टा आहे. उजव्या ॲम्पच्या मागच्या ईएल३४ वर, पंचवीस मिनिटांनी दिसायला लागला. दिवसाउजेडी कधीच कळलं नसतं.

आकडे असे. कॅथोड रेझिस्टर चारही ठिकाणी ४७० ओहमचे, बंद करून मोजले तर ४६५ ते ४८१. डावा ॲम्प: ३०.२ आणि २९.६ व्होल्ट, अर्ध्या तासानेही जवळजवळ तेच. उजवा ॲम्प: पुढच्या व्हॉल्व्हला ३०.४, मागच्या व्हॉल्व्हला सुरुवातीला ३४, आणि पंचवीस मिनिटांनी ४१! चोकनंतरचा (फिल्टरमधल्या गुंडाळीनंतरचा) मुख्य व्होल्टेज डाव्यात ४३८, उजव्यात ४३१ होता, तो ४२५ पर्यंत उतरला.

व्हॉल्व्ह गेला म्हणायचा का?

ओहमकार

थांबा, व्हॉल्व्हला दोष देण्याआधी हिशोब करू.

३० व्होल्ट भागिले ४७० म्हणजे ६४ मिलिॲम्पिअर, ते ठीक आहे. ४१ भागिले ४७० म्हणजे ८७. ॲनोड आणि कॅथोडमधला फरक साधारण ३८५ व्होल्ट. गुणाकार ३३ वॅटच्या वर जातो. त्यातला स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचा) वाटा वजा केला तरी ॲनोडवर तीस वॅटच्या आसपास राहतात, आणि ईएल३४ च्या ॲनोडची मर्यादा २५ वॅट आहे. लाल होणारच.

आता कारणं दोन. एक तर व्हॉल्व्हच्या आत वायू शिरलाय आणि ग्रिड (किती करंट जाईल ते ठरवणारी जाळी) स्वतःच करंट देतेय, किंवा आधीच्या ईसीसी८३ च्या ॲनोडवरचा डीसी कपलिंग कंडेन्सरमधून गळून ग्रिडवर येतोय. ओळखायचं सोपं आहे. उजव्या ॲम्पच्या दोन ईएल३४ ची अदलाबदल करा. लाल पट्टा व्हॉल्व्हबरोबर पुढे गेला तर व्हॉल्व्ह खराब. मागच्याच सॉकेटवर राहिला तर कंडेन्सर.

रोहित्र

एक तिसरं कारणही असतं. कॅथोड रेझिस्टरला समांतर जो इलेक्ट्रोलिटिक असतो, तो गळू लागला तर रेझिस्टर जणू लहान झाल्यासारखं होतं आणि करंट वाढतो. पण त्यात कॅथोडचा व्होल्टेज उतरतो. इथे तो चढलाय, म्हणून ओहमकारांची शंका बरोबर दिशेने आहे.

काचनळी

अदलाबदल केली. पट्टा मागच्याच सॉकेटवर! व्हॉल्व्ह दुसरा, तरी अठ्ठावीस मिनिटांनी तोच लाल. लगेच बंद केला.

ओहमकार

मग चोर सापडला. खात्री करून घ्या. ॲम्प बंद, कंडेन्सर रिकामे, मीटरने तपासलेले. मग त्या कपलिंग कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक झाळ वितळवून मोकळं करा आणि मीटरच्या लाल क्लिपला जोडा, काळी क्लिप चासीला, मीटर डीसी व्होल्टवर. तो मागचा ईएल३४ काढून ठेवा. आता ॲम्प लावा. बहुतेक डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेगओहम असतो, त्यामुळे मीटरवरचा प्रत्येक १ व्होल्ट म्हणजे ०.१ मायक्रोॲम्पिअर गळती. सुरुवातीला कंडेन्सर भरत असताना आकडा उंच जाऊन खाली येईल, तो धरू नका. एक मिनिटानंतरचा आकडा खरा. चांगला फिल्म कंडेन्सर काही मिलिव्होल्टवर स्थिरावतो.

दोन्ही ईएल३४ एकदम काढू नका. लोड गेला की मुख्य व्होल्टेज वर चढतो आणि जुन्या फिल्टर कंडेन्सरना तो सोसेलच असं नाही.

काचनळी

थंड असताना मीटर ४० व्होल्टवर थांबला. मग हेअर ड्रायरने कंडेन्सर जरा कोमट केला तर आकडा शंभराच्या पुढे पळाला! दुसऱ्या बाजूचा कंडेन्सर ३ व्होल्ट. डाव्या ॲम्पचे दोन्ही १ व्होल्टच्या आत.

गंमत म्हणजे हाच गळका कंडेन्सर काढून कपॅसिटन्स मीटरवर लावला तर ०.४७ ऐवजी ०.६१ दाखवतोय. मला वाटलं होतं म्हातारा झाला तर किंमत कमी होईल.

डाखवाला

गळका कंडेन्सर साध्या मीटरवर फुगवून किंमत दाखवतो. म्हणूनच हातातल्या मीटरवर ‘पास’ झालेला जुना कागदी कंडेन्सर मी कधी परत बसवत नाही. ते मीटर त्याला जेमतेम एखाद-दोन व्होल्ट देतं. ॲम्पमध्ये त्याला तीनशे सोसायचे असतात. कागद आणि मेण, वरून काळानुसार फटीतून शिरलेला दमटपणा. कागद ओल धरतो, दुसरं काय. यात बाबांची काहीच चूक नाही. त्या काळात जे सर्वोत्तम मिळत होतं ते त्यांनी घातलं.

मंद्रसप्तक

धागा आवडला. कंडेन्सर बदलायचेच आहेत तर माझं मत मांडतो. मी माझ्या ईएल८४ च्या ॲम्पमध्ये पॉलिस्टर काढून रशियन के४०वाय-९, म्हणजे हवाबंद धातूच्या नळीतले पेपर-इन-ऑइल घातले. तंतुवाद्यांचा कडकपणा गेला आणि तानपुऱ्याची घुमारी खोलीभर पसरली. पॉलिप्रॉपिलीनमध्ये तपशील जास्त मिळतो, पण मला तो कोरडा वाटतो. काचनळी, आवाजात ऊब हवी असेल तर पेपर-इन-ऑइलच घ्या. मोजमापात हे पकडता येत नाही, कानाला मात्र कळतं.

ओहमकार

मंद्रसप्तक, तुमच्या कानावर माझा अविश्वास नाही, पण एक विचारतो. काढलेले पॉलिस्टर मोजून ठेवले होते का? त्यांची गळती, त्यांची खरी किंमत?

विचारायचं कारण असं. मीही एकदा कंडेन्सर बदलून थक्क झालो होतो, आठवडाभर सगळ्यांना बोलावून ऐकवत होतो. मग जुने मोजले. एक ठरलेल्या किमतीच्या ४० टक्के खाली आणि दुसरा गळका. म्हणजे माझ्या ॲम्पचा खर्ज कापला जात होता आणि एक व्हॉल्व्ह भलत्याच बिंदूवर चालत होता. मी जे ऐकलं ते खरंच होतं, पण त्याचं श्रेय नव्या कंडेन्सरच्या जातीला नव्हतं. तिथे कुठलाही निरोगी कंडेन्सर घातला असता तरी तेच झालं असतं.

मंद्रसप्तक

नाही मोजले, खरं सांगतो. फेकून दिले. पण मग पेपर-इन-ऑइल आणि पॉलिप्रॉपिलीन, दोन्ही नवे, दोन्ही निरोगी, यात फरक नाही असं म्हणणं आहे का तुमचं?

ओहमकार

नाही, तसं मी म्हणणार नाही. कंडेन्सरची जात बदलली की डायइलेक्ट्रिकची, म्हणजे आतल्या इन्सुलेशनची, हानी बदलते, आकार बदलतो, चासीशी असलेलं भटकं कपॅसिटन्स बदलतं. हे सगळं मोजता येतं. ते तुम्हाला ऐकू येतं की नाही हे ठरवायची सोय काचनळींकडे इतकी सुंदर आहे की मला हेवा वाटतो. दोन सारखे मोनो ॲम्प! एकात एक जात, दुसऱ्यात दुसरी, दोन्हींना एकच मोनो सिग्नल आणि आळीपाळीने एकच स्पीकर. अट एवढीच की पातळी आधी जुळवायची. ४०० हर्ट्झचा सूर लावा, स्पीकरच्या टोकांवर व्होल्ट मोजा, एकाला २.०० असेल तर दुसऱ्याला १.९८ ते २.०२ च्या आत. हा ०.१ डेसिबलच्या आतबाहेरचा खेळ आहे. एक जरा मोठा असला की कान त्यालाच ‘जिवंत’ म्हणतो. आणि कुठला ॲम्प वाजतोय हे ऐकणाऱ्याला माहीत नको.

मंद्रसप्तक

हे मान्य. काचनळी, खरंच करून बघा आणि निकाल इथे लिहा, माझ्या विरुद्ध गेला तरी.

रोहित्र

मी पॉवर सप्लायबद्दल लिहितो, कारण यादीतल्या दोन गोष्टींनी माझी झोप उडाली.

पहिली, ५० च्या जागी २२० मायक्रोफॅरड. जीझेड३४ ला लगेच लागून येणाऱ्या कंडेन्सरची मर्यादा त्याच्या डेटाशीटमध्ये ६० मायक्रोफॅरड दिली आहे. ईझेड८१ ला ५०, ५यू४जीबी ला ४०. व्हॉल्व्ह प्रत्येक अर्ध्या लाटेच्या माथ्यावर थोडा वेळच करंट देतो. कंडेन्सर मोठा केला की तेवढाच करंट आणखी अरुंद, आणखी उंच धक्क्यांत द्यावा लागतो. कॅथोडवरचा लेप उडतो, आत ठिणगी पडते आणि जीझेड३४ जाताना बरोबर ट्रान्सफॉर्मरलाही नेऊ शकतो. तर पहिला कंडेन्सर ५० चा ५० च ठेवा.

चोकनंतरचा १०० केला तर चालेल, पण गरज आहे का ते बघा. चोक १० हेन्री धरला आणि नंतर ५० मायक्रोफॅरड, तर ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यात १०० हर्ट्झचा रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, सुमारे दोनशेपटीने कमी होतो. म्हणजे निरोगी ५० तिथे भक्कम काम करतो. पुश-पुल असल्याने उरलेला रिपल आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना मारतो. तेही दोन व्हॉल्व्ह समतोल असतील तरच. तुमची गुणगुण इथूनच आली असणार. एक व्हॉल्व्ह ८७ वर, दुसरा ६४ वर, मग रिपल मरणार कसा? शिवाय दोघांमधल्या फरकाचा डीसी ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला एका बाजूला चुंबकित करतो, आणि पसरलेला खर्ज हा त्याचा परिणाम.

दुसरी गोष्ट, सिलिकॉन डायोड. ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग ४१०-०-४१० व्होल्टचं असेल तर त्याचा माथा १.४१ ने गुणून ५८० व्होल्ट. जीझेड३४ हळूहळू तापतो, तोवर ईएल३४ ही तापून करंट ओढायला लागतात, म्हणून व्होल्टेज सावकाश चढतो आणि मर्यादेत राहतो. सिलिकॉन मात्र स्विच दाबल्या क्षणी पूर्ण ५८० देणार, आणि समोर व्हॉल्व्ह अजून थंड. फिल्टर कंडेन्सर ५०० व्होल्टचे. कपलिंग कंडेन्सरवरही तेवढा वेळ पूर्ण व्होल्टेज येतो, कारण ईसीसी८३ अजून करंट ओढत नाही. आणि सगळं तापल्यावरही व्होल्टेज पूर्वीपेक्षा वीसेक व्होल्टने वर राहतो. तुमचे ईएल३४ आधीच मर्यादेच्या जवळ आहेत.

डायोडचा उपयोग करायचाच तर असा करा. जीझेड३४ जागेवर ठेवा आणि त्याच्या प्रत्येक ॲनोडच्या वाटेत १एन४००७ मालिकेत घाला. उद्या जीझेड३४ आत शॉर्ट झाला तरी एसी थेट कंडेन्सरवर जाणार नाही. पण एक डायोड १००० व्होल्टचा असतो आणि तुमच्याकडे उलटा व्होल्टेज ११६० पर्यंत जाऊ शकतो, म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन मालिकेत.

नवखा_श्रोता

शिकायला मिळतंय, धन्यवाद. एक प्रश्न: फिल्टर कंडेन्सर ५०० व्होल्टचे सहज न मिळाल्यास काय करायचं?

रोहित्र

१०० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचे दोन मालिकेत जोडा. ५० मायक्रोफॅरड, ७०० व्होल्ट होतात. प्रत्येकाला समांतर २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर हवाच, म्हणजे व्होल्टेज दोघांत सारखा वाटला जातो आणि बंद केल्यावर कंडेन्सर आपोआप रिकामेही होतात, जरा सावकाश का होईना. एकच लक्षात ठेवा, वरच्या कंडेन्सरचा धातूचा डबा चासीला लागता कामा नये. त्यावर अर्धा व्होल्टेज असतो.

डाखवाला

रेझिस्टरबद्दल मी सांगतो. सगळे बदलू नका, मोजा. कार्बन कॉम्पोझिशनचे रेझिस्टर उष्णतेने आणि वयाने वर सरकतात. १०० किलोचा १३० झालेला मी कितीदा पाहिलाय. तुमच्या सर्किटमध्ये खरी मेहनत तीन ठिकाणी घ्या.

ईएफ८६ चा ॲनोड रेझिस्टर. पुढची सगळी वाढ याच्यानंतर होते, म्हणून इथली सुरसुर स्पीकरपर्यंत मोठी होऊन पोचते. कार्बन कॉम्पोझिशनवर जितका डीसी जास्त तितका त्याचा सुरसुराट जास्त. इथे मेटल फिल्म घाला, पण पाव वॅटचा चिमुकला नको. त्याची व्होल्टेज सोसण्याची मर्यादा २५०-३०० च्या आसपास असते. १ किंवा २ वॅटचा घ्या. उष्णतेसाठी नव्हे, लांबीसाठी.

मग ईसीसी८३ चे दोन ॲनोड रेझिस्टर. एकमेकांच्या प्रमाणात हवेत, नाहीतर दोन ईएल३४ ना कमीजास्त सिग्नल जातो. आणि फीडबॅकचा रेझिस्टर, जो आउटपुटपासून ईएफ८६ च्या कॅथोडला परत येतो. तो एका ॲम्पमध्ये सरकला आणि दुसऱ्यात नाही, तर दोन्हींची पातळी वेगळी होते आणि गायक मधोमध उभा न राहता एका बाजूला सरकतो. लोक मग केबल बदलत बसतात.

ईएफ८६ च्या स्क्रीनवरचा छोटा कंडेन्सर विसरू नका. हा बहुतेकांच्या यादीत नसतो. तिथला रेझिस्टर ३९० किलोओहमचा धरला तर ५० मायक्रोॲम्पिअर गळतीने स्क्रीनचा व्होल्टेज वीसेक व्होल्टने पडतो. आणि या सर्किटमध्ये ईएफ८६ चा ॲनोड ईसीसी८३ च्या ग्रिडला थेट जोडलेला, मध्ये कंडेन्सर नाहीच. एकाचा तोल गेला की पुढचाही जातो.

कपलिंगची किंमत ०.४७ ची ०.४७ च ठेवा. ‘मोठा घातला की खर्ज वाढेल’ या मोहात पडू नका. ०.४७ मायक्रोफॅरड आणि ४७० किलोओहम म्हणजे ०.७ हर्ट्झपासूनच सुरुवात, याखाली ऐकण्यासारखं काही नाही. फीडबॅकच्या आत ही किंमत बदलली की ॲम्प खालच्या टोकाला डोलू लागतो. स्पीकरचा कोन संथपणे पुढेमागे होताना दिसतो. १९४७ च्या विल्यमसन ॲम्पची नक्कल करणाऱ्यांना ट्रान्सफॉर्मर जरा कमी दर्जाचा लागला की हाच ताप व्हायचा.

नवखा_श्रोता

फिल्म कंडेन्सरला उलटसुलट बाजू नसते ना? कुठेतरी ‘बाहेरची फॉइल’ असं वाचलं.

ओहमकार

प्लस-मायनस नसतं, पण गुंडाळीची सर्वांत बाहेरची फॉइल एका टोकाला जोडलेली असते. ते टोक कमी इम्पीडन्सच्या बाजूला, म्हणजे आधीच्या व्हॉल्व्हच्या ॲनोडकडे लावावं. मग ती फॉइल आतल्या फॉइलला आडोसा देते. ओळखायला कंडेन्सर ऑसिलोस्कोपच्या प्रोबला जोडा, मुठीत धरा, टोकं उलटवून बघा. ज्या जोडणीत गुणगुण कमी दिसते, त्यात प्रोबच्या काळ्या क्लिपकडचं टोक बाहेरच्या फॉइलचं. कंडेन्सर आकाराने मोठे असतील तर हे जास्त महत्त्वाचं. अंगठ्याएवढी भारी नळी ग्रिडपाशी लोंबत असली की ती अँटेनाच.

सेलेनियम

थोडं अवांतर, पण यात बसतं. माझ्याकडे डायनाको स्टिरिओ ७० आहे, १९५९ मध्ये बाजारात आलेलं मॉडेल. त्यात बायस (व्हॉल्व्हचा करंट ठरवणारा ग्रिडचा ऋण व्होल्टेज) कॅथोड रेझिस्टरवर नाही, वेगळ्या ऋण व्होल्टेजच्या सप्लायवर आहे आणि तिथे मूळचा सेलेनियम रेक्टिफायर असतो. त्या जुन्या सेलेनियमने एक दिवस मान टाकली, बायस गेला आणि दोन ईएल३४ मिनिटभरात लाल. ज्यांच्याकडे स्थिर बायसचा ॲम्प आहे त्यांनी कपलिंग कंडेन्सरच्याही आधी बायसचा रेक्टिफायर, त्याचे कंडेन्सर आणि बायसची पॉट (फिरवून जुळवायचा रेझिस्टर) बदलावी. सेलेनियमच्या जागी सिलिकॉन घातला की ऋण व्होल्टेज जरा वाढतो, म्हणून बायस पुन्हा जुळवावाच लागतो. स्टिरिओ ७० मध्ये १५.६ ओहमवर १.५६ व्होल्ट, म्हणजे दोन व्हॉल्व्ह मिळून १०० मिलिॲम्पिअर.

डाखवाला

अवांतर मुळीच नाही. आणि पॉटचा सरकता काटा सुटला तर ग्रिडला पूर्ण ऋण व्होल्टेज मिळेल अशी रेझिस्टरची जोडणी करा. शून्य मिळेल अशी नको.

काचनळी

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. उजव्या ॲम्पचं काम झालं, डाव्याला मुद्दाम हात लावला नाही.

बदललं ते एवढंच: दोन कपलिंग कंडेन्सर (०.४७, ६३० व्होल्टचे साधे पॉलिप्रॉपिलीन), ईएफ८६ चा स्क्रीन कंडेन्सर, कॅथोडचे दोन इलेक्ट्रोलिटिक, फिल्टरचे दोन कंडेन्सर, जीझेड३४ च्या वाटेत चार डायोड आणि मोजून चार रेझिस्टर. ईसीसी८३ चे ॲनोड रेझिस्टर १८० किलोचे होते. एक १८४ निघाला आणि दुसरा २२६! ईएफ८६ चा १०० चा १२८ झाला होता. फीडबॅकचा जागेवर होता. सॉकेटच्या पिना साफ करून घट्ट केल्या.

पहिल्यांदा ६० वॅटचा पिवळा दिवा मालिकेत लावून ॲम्प सुरू केला. दिवा उजळला, मग मंदावला आणि मंदच राहिला. माझी छाती मात्र धडधडत होती. मग दिवा काढला. कॅथोड ३०.८ आणि ३०.१. एक तासाने ३०.९ आणि ३०.२. अंधारात दोन्ही ॲनोड काळेभोर.

रोहित्र, हीटरचाही व्होल्टेज मोजला. ६.९ निघाला. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (विजेकडच्या गुंडाळीवर) वरच्या व्होल्टेजचा टॅप होता, त्यावर घेतलं तर ६.४ झाला आणि मुख्य व्होल्टेजही खाली आला.

रोहित्र

उत्तम! ६.३ च्या दहा टक्के वर म्हणजे ६.९, तुम्ही अगदी कडेला होता. हा बदल फुकटचा आणि व्हॉल्व्हचं आयुष्य वाढवणारा. डाव्याचाही टॅप आजच बदला, त्यासाठी थांबू नका. आणि नवे कॅथोड आकडे परत घ्या.

काचनळी

आज दोन्ही नव्या टॅपवर घेतले. उजवा २८.९ आणि २८.३, डावा २८.६ आणि २८.१.

ऐकून पाहिलं. उजव्याची गुणगुण गेली. कान स्पीकरला लावला तरच येते. खर्ज बांधलेला आहे, तबल्याच्या बायाचा घुमारा सुरू कुठे झाला आणि थांबला कुठे हे दोन्ही कळतं. पण मला जास्त हलवून गेलं ते वेगळंच. आता दोन्ही ॲम्प जवळजवळ सारखेच वाजतात. बाबांनी जे बांधलं होतं ते डाव्यात शिल्लक होतं, उजव्यात ते परत आलं.

मंद्रसप्तक, तुमची परीक्षाही केली. मित्राकडून पेपर-इन-ऑइलची एक तपासलेली जोडी आणली, डाव्यात घातली, पातळी २.०० आणि २.०१ वर जुळवली. बहिणीने पडद्यामागे वायरी बदलल्या. बारा वेळा ऐकलं. मी सात वेळा बरोबर ओळखलं, मग जागा बदलून ती बसली, तिने पाच वेळा. म्हणजे आम्हा दोघांना काही सांगता आलं नाही. तुम्ही या आणि ऐका, मनापासून बोलावतोय.

मंद्रसप्तक

येतो. माझे के४०वाय-९ घेऊन येतो आणि पडद्याच्या या बाजूला बसतो. बारा नको, वीस वेळा ऐकू.

नवखा_श्रोता

आणि केटी८८ चं काय ठरलं?

ओहमकार

काचनळींच्या आधी मीच सांगतो. हीटर १.६ ॲम्पिअर घेतो, ईएल३४ चा १.५, तेवढं ट्रान्सफॉर्मर सोसेल. पण ताकद ठरते मुख्य व्होल्टेज आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर, आणि ते दोन्ही तेच राहणार. केटी८८ ला ग्रिडवर जास्त सिग्नल लागतो, कॅथोड रेझिस्टरही पुन्हा ठरवावे लागतील. इतकं करून वॅट वाढणार नाहीत.

काचनळी

केटी८८ चा विचार सोडला. पुढच्या रविवारी डाव्याचे फिल्टर आणि स्क्रीन कंडेन्सर बदलतो. परीक्षेनंतर परत बसवलेले त्याचे जुने कपलिंग अजून १ व्होल्टच्या आत आहेत, पण काकांचं ऐकून तेही काढणार. उजव्यातून निघालेले सगळे भाग एका डबीत ठेवलेत, प्रत्येकावर चिठ्ठी. आणि चासीच्या तळाच्या पत्र्यावर बाबांच्या अक्षरात व्होल्टेजचा तक्ता चिकटवलेला सापडला. ईएल३४ च्या कॅथोडपुढे त्यांनी ‘२९’ लिहिलंय.